अर्ध्या किलोच्या चकत्या आणि वडिलांचा ओळंबा : बार डोक्यावर नेण्याची ताकद कशी वाढवावी

लोखंडी पत्र्याची जाडी ६ मिलिमीटर, गोलाचा बाहेरचा व्यास १२८, मधलं भोक ५२. ही चकती काट्यावर ठेवली की अर्धा किलो भरते, पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे. व्यास आणि भोक तेच ठेवून पत्रा ३ मिलिमीटरचा घेतला की पाव किलो. जळगावात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट आणि बुश हे रोजचं पोटापाण्याचं काम. पण मन लावून काही बनवलं असेल तर या चकत्या. उभं राहून बार खांद्यावरून डोक्यावर ढकलायचा, ज्याला जिममधली मुलं ओव्हरहेड प्रेस किंवा नुसतं प्रेस म्हणतात, त्यात ज्याला ताकद वाढवायची आहे त्याने आधी अशा चार चकत्या करून घ्याव्यात. प्रोटीनचा डबा, पट्टा, हातमोजे हे सगळं नंतर.

कारण साधं आहे. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन पाच किलोने वाढतं. बार खांद्यावर घेऊन बैठका मारणाऱ्याच्या १२० किलोत पाच मिळवले तर ती चार टक्के वाढ झाली. मांड्या आणि कुल्ले एवढं पचवतात. प्रेसमध्ये ४० वर पाच म्हणजे साडेबारा टक्के. खांदा आणि दंडाची मागची बाजू हे लहान स्नायू, एका आठवड्यात ते साडेबारा टक्के वाढत नाहीत. मग माणूस कंबर मागे टाकतो, गुडघ्याचा हळूच झटका देतो आणि वजन वर गेलं असं धरून चालतो.

मी तेच केलं होतं. वय ३६. एका जिममध्ये जायचो, तिथे अडीचच्या खाली प्लेट नव्हती. ५० किलो नीट जात होते, त्यावर एकदम ५५ लावले. चौथ्या वेळी बार कपाळाजवळ अडकला, मी छाती आभाळाकडे करून तो रेटला आणि कमरेत चमक भरली. तीन आठवडे लेथसमोर उभं राहता आलं नाही. दिवाळीच्या तोंडावर हाताखालच्या मुलावर काम सोडून घरी पडून राहिलो. उठल्यावर पहिल्यांदा चकत्या कापल्या आणि रिकाम्या २० किलोच्या बारपासून पुन्हा सुरुवात केली. स्वतःच्या वजनाएवढे, म्हणजे ७१ किलो, एकदा डोक्यावर नेले तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. दहा वर्षं लागली. आज ५१ चा आहे, कंबर शाबूत आहे आणि खांदा कुरकुरत नाही. पुढे जे लिहितो आहे ते त्या दहा वर्षांतलं आहे.

जागा आणि सामान

आधी वर बघा. पारोळ्याकडच्या आमच्या गावात घर धाब्याचं, वर लाकडी कड्या आणि त्यावर माती. उन्हाळ्यात गार असतं, पण असल्या घरात प्रेस करता येत नाही. साडेपाच फुटी माणसाने हात सरळ केले की बार जवळजवळ सात फुटांवर जातो, त्यावर मोठ्या प्लेटचा अर्धा व्यास, म्हणजे आणखी नऊ इंच. साडेआठ फूट मोकळी उंची हवीच. मी वर्कशॉपच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करतो.

बार शक्यतो ऑलिम्पिक मापाचा घ्या. पुरुषांचा २० किलो, लांबी २.२ मीटर, पकडायच्या जागी जाडी २८ मिलिमीटर. बायकांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो. तो छोट्या गावात सहसा मिळत नाही, त्यावर उपाय पुढे सांगतो. प्लेट बसते तो बाहेरचा भाग ५० मिलिमीटरचा, म्हणून चकतीचं भोक ५२. चकतीच्या दोन्ही धारा नीट मोडून घ्या, नाहीतर प्लेट बदलताना बोट कापतं.

स्टँड ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपचा कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो. हुकाची उंची महत्त्वाची. बार छातीच्या मध्यावर यायला हवा, म्हणजे गुडघे किंचित वाकवून खाली शिरता येतं आणि उभं राहिलं की तो आपोआप सुटतो. टाचा उचलून बार काढावा लागत असेल तर हुक उंच आहे. जड सेट, म्हणजे न थांबता लागोपाठ मारलेल्या खेपा, संपल्यावर थकल्या अंगाने टाचा उचलून तो परत ठेवणं धोक्याचं असतं.

पायात पळण्याचे मऊ बूट नकोत. गादीवर उभं राहून पाण्याने भरलेला हंडा डोक्यावर चढवून बघा, म्हणजे कारण कळेल. कॅनव्हासचे सपाट बूट किंवा अनवाणी.

पकड, मनगट, कोपर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबतो.

हात खांद्यांच्या किंचित बाहेर. समोरून बघणाऱ्याला तुमचे कोपरापासून मनगटापर्यंतचे हात दोन उभ्या खांबांसारखे दिसायला हवेत. खांब तिरपा असला की भार बाजूला जातो. हे गवंड्याच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही, आणि माझे वडील गवंडी होते.

आता बार तळहातात कुठे बसतो ते बघा. नवीन माणूस तो बोटांच्या मुळाशी धरतो. मग मनगट मागे मोडतं आणि वजन हाडाच्या मागे लोंबतं. बार अंगठ्याखालच्या गादीवर, मनगटाच्या अगदी जवळ हवा, हाताच्या हाडाच्या थेट वर. त्यासाठी एक युक्ती. पकडण्याआधी दोन्ही तळवे थोडे आतल्या बाजूला फिरवा, अंगठे पायांकडे झुकतील इतके. मग बार तळव्यात तिरका बसवून बोटं मिटा. अंगठा बारभोवती पूर्ण वळलेला हवा. काही जण अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात. डोक्यावर लोखंड असताना मी ते माझ्या शेडमध्ये कुणाला करू देत नाही.

कोपर बाजूने बघितल्यावर बारच्या बोटभर पुढे. मागे गेला तर बार वर जाण्याऐवजी पुढे सरकतो. हे मी सावद्याला शिकलो. केळीच्या गाडीत माल भरणारा मजूर वीस-पंचवीस किलोचा घड वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देतो, दिवसभर देतो. चांगला मजूर घड अंगापासून लांब धरतच नाही. कोपर घडाखाली सारतो, घड चेहऱ्याजवळून वर नेतो आणि शेवटच्या फुटात स्वतः घडाखाली जातो. बाजूला नवखा पोऱ्या हात पुढे करून उचलत होता आणि दहाव्या घडाला कंबर धरून बसला. प्रेसमधलं निम्मं तंत्र मी त्या गाडीजवळ उभं राहून पाहिलं.

सुरुवातीला बार हासळीच्या हाडावर, खांद्याच्या पुढच्या मांसावर टेकलेला असावा. ज्यांचे कोपराखालचे हात लांब आहेत त्यांचा तो तिथे टेकत नाही, हनुवटीखाली अधांतरी राहतो. राहू द्या, ओढूनताणून टेकवू नका.

वर नेणं

पाय कमरेच्या रुंदीला. गुडघे ताठ. कुल्ले आवळा, खरंच घट्ट आवळा. नाकाने पोटात खोल श्वास घ्या आणि कुणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट कडक करून तो रोखा. बार वर जाताना शरीराचा खालचा भाग खांबासारखा उभा राहिला नाही तर हाताची ताकद कमरेतून गळते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र असा श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण श्वास रोखल्यावर तेवढ्यापुरता दाब बराच वाढतो.

आता हनुवटी मागे घ्या. वर नाही, मागे, गळ्याला दुसरी घडी पडेल अशी. बार नाकाला घासेल इतक्या जवळून गेला पाहिजे. चेहरा वाचवायला बार पुढून वळसा घालून नेला की वजन हलकं असूनही जड होतं. कपाळ ओलांडलं की लगेच डोकं आणि छाती बारखाली आणा. हात सरळ झाल्यावर कान दंडांच्या रेषेत हवेत आणि बार पावलाच्या मध्यावर, बुटाच्या नाडीच्या गाठीच्या थेट वर.

तिथे थांबून खांदे कानाकडे उचला. हे पुष्कळ जण सोडून देतात. पाठीवरचं पंखासारखं हाड, खवाटा, हात वर जाताना फिरावं लागतं. ते फिरलं की खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली स्नायूच्या शिरेला, म्हणजे कंडरेला, जागा मिळते. खांदे खाली दाबून हात वर नेला तर तीच शीर हाडांमध्ये चेपली जाते. प्रेसने खांदा दुखतो अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्यांत खांदे खाली दाबून ठेवणारेच जास्त होते.

खाली आणतानाही तोच मार्ग, धरून आणा, टाकू नका. खांद्यावर टेकला की श्वास सोडा, नवा घ्या, मग पुढची खेप.

वजन अडकलंच तर घाबरू नका. बार चेहऱ्यापासून किंचित पुढे जाऊ द्या, खांद्यावर उतरवा, स्टँडवर ठेवा. तेही जमत नसेल तर समोर जमिनीवर सोडून एक पाऊल मागे या. मागे उभं राहून कोपर धरणारा मदतनीस या व्यायामात मदतीपेक्षा अडचण करतो.

ओळंबा

वडिलांचा पितळी ओळंबा माझ्याकडे आहे. त्यावर त्यांनी गावातल्या निम्म्या भिंती बांधल्या. शेडच्या पाइपला त्याची दोरी बांधून मी तो प्रेस तपासायला वापरतो, आणि याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

मोबाइल बाजूला, खांद्याच्या उंचीवर, दहा फुटांवर ठेवा. ओळंबा मोबाइल आणि तुमच्यामध्ये असा लोंबू द्या की स्क्रीनवर त्याची दोरी तुमच्या पावलाच्या मध्यावरून गेलेली दिसेल. मग पाच वेळा प्रेस करा आणि व्हिडिओ हळू चालवून बघा. बारचं टोक दोरीला धरून चढलं पाहिजे. चेहऱ्यापाशी बोटभर पुढे गेलं तर चालतं. तीन-चार बोटं गेलं तर हनुवटी मागे गेली नाही, किंवा कोपर मागे होते. वर पोचल्यावर टोक दोरीच्या पुढे राहिलं तर तुम्ही बारखाली आला नाहीत. आणि दोरी जागेवर असून छातीच मागे पडलेली दिसत असेल, तर ती सगळ्यात वाईट चूक.

या मागे पडण्याला मोठा इतिहास आहे. ऑलिम्पिकमध्ये एकेकाळी प्रेस हा स्वतंत्र प्रकार होता. उभं राहून ढकलायचं, गुडघे वाकवायचे नाहीत. हळूहळू खेळाडू इतके मागे झुकायला लागले की उभ्याने छातीचा व्यायाम चालला आहे असं दिसावं, आणि किती झुकलेलं चालतं यावर पंचांचं एकमत होईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर प्रेस काढून टाकला, स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) दोनच राहिले. मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात ११५ किलो डोक्यावर नेऊन रौप्य जिंकलं, तो जर्क. त्यात पायांच्या जोरावर बार उडवून स्वतः खाली शिरायचं असतं. तो व्हिडिओ बघून प्रेसमध्ये तेवढं वजन मनात धरू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडं झुकणं चालतं. कुल्ले आवळून कंबर बोटभर पुढे गेली आणि छाती उघडली, तर बारला चेहऱ्याजवळून वाट मिळते. झुकणं कमरेच्या मणक्यात होतं आहे का हे खालच्या बरगड्यांवरून कळतं. त्या पुढे फाकून वर आल्या की मणका मोडतो आहे. वजन उतरवा.

वजन कसं वाढवायचं

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार. पहिले तीन आठवडे रिकामा बार, पाच-पाचचे पाच सेट, रोज ओळंब्याचा व्हिडिओ. त्यानंतर पाच-पाचचे तीन सेट, दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती. घड्याळ लावा, अंदाजाने तीन मिनिटांची दीड होतात.

दर वेळी एक किलो वाढवा, म्हणजे प्रत्येक बाजूला एक अर्ध्याची चकती. पंधराही खेपा नीट गेल्या तरच पुढचा किलो. एखादी खेप हुकली तर पुढच्या वेळी तेच वजन. दुसऱ्यांदाही हुकली तर दहा टक्के उतरा. ४० वर अडकलात तर ३६ वर या, ३९ पर्यंत किलोने चढा आणि तिथून अर्ध्या किलोने, म्हणजे पाव-पावच्या चकत्यांवर. बहुतेक वेळा जिथे अडकला होता तो ४० चा टप्पा या वेळी निघून जातो.

जड सेटआधी गरम होणं हवंच. ४० चा दिवस असेल तर रिकामा बार आठ वेळा, पुन्हा आठ वेळा, मग ३० चार वेळा, ३५ दोनदा आणि मग ४०. त्याआधी एक लांब काठी दोन्ही हातांनी रुंद धरून डोक्यावरून मागे आणि पुढे दहा वेळा फिरवा. हिवाळ्यात पहाटे वीस वेळा.

चार-सहा महिन्यांनी ही चढण संपते, कुणाचीही संपते. तेव्हा सोमवार जड आणि गुरुवार हलका करा. सोमवारी तीन-तीनचे पाच सेट, गुरुवारी सोमवारच्या पाऊण वजनावर आठ-आठचे चार सेट. सोमवारी ५० असतील तर गुरुवारी ३८. दर सोमवारी अर्धा किलो. आठवड्याला अर्धा म्हणजे कागदावर वर्षाला २६ किलो होतात. प्रत्यक्षात पाहुणे, सर्दी, लग्नसराई, पाऊस लांबला म्हणून उडालेली झोप, सगळं मध्ये येतं. वर्षाला आठ-दहा किलो वाढले तर मी त्याला फार चांगलं वर्ष म्हणतो.

सगळं वहीत लिहा. वजन, खेपा, झोप कशी झाली, कुठे अडकलं. माझ्या नऊ वह्या आहेत. अडकलो की मागची वही उघडतो, आणि बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं सापडतं.

अडकण्याची जागा बहुतेकांची एकच, कपाळाची उंची. तिथे दंड जमिनीला समांतर असतो, भार खांद्यापासून सर्वांत लांब पडतो, आणि खांद्यावरून मिळालेली सुरुवातीची उसळी संपलेली असते. त्याला दोन औषधं आहेत. एक, स्टँडच्या आडव्या पाइपांवर बार कपाळाच्या उंचीला ठेवून तिथूनच पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून ढकलायचा, तीन-तीनचे चार सेट. दुसरं, गुरुवारच्या शेवटी दोन सेट पुश प्रेस, म्हणजे गुडघ्याच्या झटक्याने थोडं जास्त वजन वर नेऊन चार मोजत खाली आणायचं. झटका इथे उघडपणे घ्यायचा. प्रेस म्हणून लिहिलेल्या खेपेत चोरून घ्यायचा नाही.

माझ्या भाचीची गोष्ट

भाची चोपड्याहून आमच्याकडे राहायला आली ती पोलीस भरतीच्या तयारीसाठी. मैदानी चाचणीत मुलींना ४ किलोचा आणि मुलांना ७.२६ किलोचा गोळा फेकावा लागतो. तिचं धावणं चांगलं होतं, गोळा मात्र पायाजवळ पडायचा. पहिल्या दिवशी २० किलोचा बार तिच्या खांद्यावर दिला. पायापासून थरथरली, पण बार हनुवटीच्या वर सरकला नाही. "काबरं जात नही, मामा?" तिने विचारलं, डोळ्यांत पाणी होतं.

कारण बार तिच्यासाठी जड होता, एवढंच. पुरुषांच्या मापाचा दांडा बाईच्या हातात देऊन तिला ताकद नाही म्हणणं मला पटत नाही. कित्येक मुली पहिल्याच दिवशी असा रिकामा बार न उचलता आल्याने जिम सोडून जातात. मी २५ मिलिमीटरची गोल सळई सहा फूट कापली. ती बरोबर सात किलो भरते. टोकं गोल करून दिली आणि ५२ च्या भोकाच्या चकत्या बसाव्यात म्हणून दोन बुश टर्न केले. ही सळई पंचवीसेक किलोपर्यंत ठीक, त्यापुढे वाकते. लोखंड साधं असतं.

सात किलोवर तिने तीन आठवडे तंत्र बसवलं. मग दर वेळी एक किलो. तेरावर दोनदा अडकली, बारावर उतरली, पुढे अर्ध्या किलोने गेली. उन्हाळा लागेपर्यंत सळईवर २० नीट जायला लागले, तेव्हा तिच्या हाती मोठा बार दिला. त्या दिवशी तिने तो पाच वेळा वर नेला आणि खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

गोळ्यासाठी नुसता प्रेस पुरत नाही, पाय आणि कंबर फिरवणं वेगळं शिकावं लागतं. पण शेवटी हात सरळ होताना जो धक्का द्यायचा असतो तो इथे तयार होतो. भरतीच्या तयारीत असलेल्या मुलांनी प्रेस जड ठेवावा, खेपा कमी ठेवाव्यात आणि गोळ्याच्या सरावाच्या आदल्या दिवशी करू नये.

बाकीचं

जेवढं ढकलाल तेवढं ओढा. प्रेसच्या प्रत्येक सेटमागे एक सेट पुलअप्सचा, किंवा वाकून बार पोटाकडे ओढण्याचा. नुसतं ढकलणाऱ्याचे खांदे पुढे वळतात आणि मग हात डोक्यावर सरळ जात नाही. लहानपणी बोरी नदीकाठच्या तालमीत वस्ताद जोर मारून घ्यायचे. कंबर वर, छाती जमिनीजवळून घासत पुढे, मान वर. पाठीचा खवाटा मोकळा ठेवायला आजही मला त्याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही. प्रेस नसलेल्या दिवशी वीस-वीसचे तीन सेट मारतो.

खाण्यात फार खोलात जात नाही, कारण आपल्याकडचं जेवण या कामाला उत्तम आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात. ज्वारीतल्या प्रथिनात जे कमी पडतं ते उडीद भरून काढतो. सोबत मठाची उसळ, दही, जमत असेल तर अंडी. व्यायामाआधी पाऊण तास दोन केळी. डाळ-बट्टीच्या पंगतीनंतर मात्र त्या दिवशी बारला हात लावू नका, पोट कडक करता येत नाही.

उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी सातलाही बार हाताला चटका देतो. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आम्ही पहाटे साडेपाचला करतो. पाणी आदल्या रात्रीपासून पितो, मीठ-साखर-लिंबू घातलेलं. तळव्याला घाम सुटतो, म्हणून खडूची पूड हवी, व्यायामासाठी वेगळी मिळते ती. शाळेतला खडू चालत नाही, तो घसरतो. या दोन-अडीच महिन्यांत वजन वाढवण्याचा हट्ट मी धरत नाही. मार्चअखेर जे होतं ते जूनमध्ये तसंच हाती आलं तरी पुरे. पहिला पाऊस पडून हवा उतरली की पुढच्या दोन आठवड्यांत दीड-दोन किलो आपोआप वर जातात, माझ्या वहीत हे जवळजवळ दर वर्षी आहे.

दुखण्याचंही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी खांद्याचं मांस जड वाटणं ठीक आहे. खांद्याच्या टोकाशी आत सुई टोचल्यासारखं होत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा हात बाजूने उचलताना मध्येच कळ येऊन पुढे ती जात असेल, तर प्रेस थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तेल चोळून पुन्हा बारखाली जाऊ नका.

भाची आता मोठ्या बारवर साडेचोवीस किलो पाच-पाचच्या तीन सेटमध्ये नेते. काल गुरुवार होता, शेवटच्या सेटची पाचवी खेप कपाळाजवळ क्षणभर थांबली आणि गेली. व्हिडिओत बारचं टोक दोरीवरच होतं. सोमवारी ती २५ लावेल, म्हणजे तिच्या बाजूंना पहिल्यांदाच अडीच-अडीचच्या प्लेट चढतील. काढलेल्या चकत्या शेजारच्या मुलाला हव्या आहेत, त्याने कालच रिकामा बार सुरू केला.